सिनेमातला आप्पांचा हात

मोठ्या चित्रकारांच्या आयुष्यावर काढलेले सिनेमे मी आजवर चार पाहिले. तीन आप्पांच्या शेजारी बसून, एका महिन्यात, आणि चौथा त्यानंतर वर्षभराने. चौथ्यात आमच्या आप्पांचा हात आहे. नुसता हात. मनगटापासून पुढे माझे वडील, मनगटाच्या मागे एक नावाजलेला नट. लोक विचारतात, वडलांना पडद्यावर बघून कसं वाटलं गं? मी म्हणते, छान वाटलं की. दर वेळी खोटं बोलते आणि मग दिवसभर कशात लक्ष लागत नाही, माती मळता मळता पाणी जास्त होतं, रंग घ्यायला उठते आणि कशाला उठले ते विसरते. म्हणून एकदाचं लिहून टाकते.

रामनगरला आमची गणपतीची मूर्तिशाळा आहे. मूर्तिशाळा म्हणजे फार काही नाही, घराला लागून काढलेली पत्र्याची पडवी, शाडूची पोती आणि भिंतीभर फळ्या. आजोबा खानापूरकडून इथं आले, तेव्हापासून हेच काम. चतुर्थीला जोयडा तालुक्यातली लांबलांबची माणसं आमच्याकडून मूर्ती नेतात. दिग्गीकडची मंडळी आदल्या दिवशी जीप करून येतात आणि मूर्ती मांडीवर धरून जातात, कारण त्या रस्त्यावर गणपतीच काय, माणूसही धड बसून पोचत नाही.

माती आप्पा मळायचे, अंग मी रंगवायची, आणि डोळे आप्पांचे. डोळ्यांच्या कामाला आखणी म्हणतात आणि ती सगळ्यात शेवटी होते. वरच्या पापणीची रेघ एका श्वासात ओढायची. मध्ये थांबायचं नाही, शेजारी कुणी बोलायचं नाही. आणि आमच्या घरची रीत अशी की एकदा काढलेला डोळा पुसायचा नाही. चुकला तर चुकला. मग ती मूर्ती भिंतीकडे तोंड करून ठेवायची आणि संध्याकाळी ओढ्यात सोडून यायची. उघडलेला डोळा मिटवणारे आपण कोण, असं आप्पांचं म्हणणं. आखणी नीट झाली की तोंडावर रुमाल टाकायचा, तो गिऱ्हाइकाच्या घरीच निघतो. आप्पांच्या हातची मूर्ती ओढ्यात गेलेली मला एकदाच आठवते, आणि त्या दिवशी आमच्या घरात कुणी जेवलं नव्हतं.

सिनेमावाले यायच्या आधी तीन वर्षं आप्पांच्या उजव्या हाताला कंप सुटला. बेळगावच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. त्या आप्पांनी कपाटात टाकल्या. "गोळ्या खाऊन देवाचे डोळे काडू व्हय मी?" एवढंच बोलले आणि ब्रश माझ्याकडे दिला. आखणी माझ्यावर आली. माझे डोळे वाईट नसतात, हे मी माझ्या तोंडानं सांगते. पण आप्पांचा गणपती तुमच्याकडे बघायचा. माझ्या गणपतीकडे तुम्हाला बघावं लागतं. तेव्हापासून आखणीचे दिवस आले की आप्पा घरात थांबायचे नाहीत. बसस्टँडपर्यंत जायचे, परत यायचे, पुन्हा जायचे. पावसात छत्री घेऊन चालायचे. पडवीच्या दारातून एकदा आत डोकावायचे आणि मी मान वर केली की निघून जायचे. हे तीन चतुर्थ्या चाललं. ते बघून माझा राग त्यांच्यावरच निघायचा.

मग एका वर्षी संक्रांतीच्या सुमाराला पुण्याच्या एक बाई दारात उतरल्या. पन्नाशीच्या, केस आखूड, पायात जाड बूट. गणेशगुडीला नदीकाठच्या लॉजवर सिनेमावाले उतरलेत, एका थोर चित्रकाराच्या आयुष्यावर सिनेमा आहे, आणि त्याच्या खोलीत मांडायला रंगानं माखलेलं जुनं सामान हवंय, असं त्यांनी सांगितलं. चित्रकाराचं नाव सांगितलं तेव्हा मी ऐकल्यासारखी मान हलवली. ते नाव इथं लिहीत नाही. नंतर मोबाईलवर बघितलं तर हा गृहस्थ आमच्या जंगलात उभ्या आयुष्यात फिरकला नव्हता. मग इथं कशाला, म्हणून विचारलं तर बाई म्हणाल्या, झाडं छान आहेत.

रंग कालवायच्या आमच्या करवंट्या त्यांनी सगळ्या उचलल्या. वर्षानुवर्षांचे थर बसलेल्या, मी दर चतुर्थीनंतर फेकायला काढायची आणि आप्पा परत आत आणून ठेवायचे त्या. आप्पा पायरीवर चहा पीत होते. "कचरा न्यायला पुन्याहून आल्यात," ते मला हळूच म्हणाले. बाईंचं लक्ष मात्र आप्पांच्या हातातल्या कपाकडे होतं. कप बशीवर वाजत होता. काका, थोडं शूटिंग घेऊ का मोबाईलवर, असं त्यांनी विचारलं. आप्पा म्हणाले, घ्या की.

दोन दिवसांनी बाईंचा फोन आला. म्हणाल्या, "ताई, दिग्दर्शकांना काकांचे हात हवेत. म्हातारपणी त्या चित्रकाराचा हात थरथरायचा. आमच्या नटाला ते जमत नाही, नाटकी दिसतं. काकांचा हात अगदी तसा आहे. चेहऱ्याचं चित्र आम्ही तयार ठेवू, काकांनी फक्त डोळे काढायचे."

मी विचारून सांगते म्हटलं आणि फोन ठेवला. आप्पा पडवीत शाडूचं पोतं उगाचच ह्या भिंतीपासून त्या भिंतीला ओढत होते. मी त्यांना सांगितलं की सिनेमात चित्र काढताना हात दाखवायचाय आणि त्यासाठी तुम्हाला बोलावलंय.

"मला? कशाला?"

"त्यास्नी तुमचा हात आवडला."

"काय काडायचं हाय?"

"डोळे."

आप्पांनी पोतं सोडलं. हात धोतराला पुसला, उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला. कधी, असं विचारलं. मी म्हटलं, महिन्याभरानं. ते उठले, आत गेले आणि कपाटातून त्या गोळ्या काढून घेऊन आले. गोळ्यांची मुदत कधीच संपलेली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं एकटेच बेळगावला जाऊन नव्या घेऊन आले.

आता मी त्याच वेळी बोलायला हवं होतं. आप्पा, त्यांना तुमचा हात आवडला तो थरथरतो म्हणून, एवढंच वाक्य होतं. पण तीन वर्षांत पहिल्यांदा त्या माणसानं स्वतःहून गोळी घेतली होती, आणि ती घेताना पाणी सांडलं तर हसले होते.  शिवाय खरं सांगते, मलाही सिनेमाची हाव सुटली होती. आमच्या घरातला हात पडद्यावर येणार, ह्या विचारानं मी शेजारणीला सांगून मोकळी झाले होते.

पुण्याच्या बाईंनी तीन सिनेमे पाठवले, काकांना वातावरण कळावं म्हणून. तिन्ही वेगवेगळ्या चित्रकारांच्या आयुष्यावरचे. दुपारचं जेवण झालं की आम्ही दोघं टीव्हीसमोर बसायचो. आप्पा कधी सिनेमा बघणारे नव्हेत. पहिल्या दिवशी अर्ध्या तासातच त्यांची चुळबुळ सुरू झाली.

"ह्यो रंग कवा कालवतोय?"

"दाखवत न्हाईत तेवढं."

"बरश कवा धुतोय?"

"आप्पा, बघा की गप."

"केस तेवढे विस्कटतोय घडीघडी," आप्पा म्हणाले आणि गप्प बसले, पाच मिनिटं. मग म्हणाले, "हेंच्या गावात चतुर्थी न्हाई व्हय? कामाला काय दिवस ठरलेला हाय का न्हाई? मनाला येईल तवा काडतोय, मनाला येईल तवा झोपतोय. गिऱ्हाईक कसं सोसतंय ह्येला?"

माझा राग निराळाच होता. तिन्ही सिनेमांत एक बाई खिडकीपाशी उभी. चित्रकार बाटली फोडतो, बाई खिडकीत. चित्रकार तीन दिवस जेवत नाही, बाई खिडकीत. त्या घरात पाणी कोण भरतं, चूल कोण पेटवतं, कॅनव्हास कोण ताणून देतं, कुणाला पडलेलं नाही. मी आयुष्यभर आप्पांचे रंग घोटून दिले, खिडकीत उभं राहायला मला कुणी पाच मिनिटं दिली नाहीत. हे मी आप्पांना म्हटलं तर ते म्हणाले, "आपल्या पडवीला खिडकी तरी कुठं हाय?" आणि दोघंही हसलो. तिसऱ्या सिनेमात चित्रकार रागाच्या भरात स्वतःच काढलेल्या चेहऱ्यावर काळा रंग ओततो. तिथं मात्र आप्पा उठले आणि बाहेर गेले. उरलेला सिनेमा त्यांनी बघितलाच नाही.

मला एक गोष्ट तेव्हा जाणवली आणि ती डोक्यातून जाईना. ह्या सिनेमांत चित्रकाराचा हात धड चालतो तोवरचं आयुष्य घाईघाईत उरकतात. डोळे जायला लागले, डोकं फिरायला लागलं, हात कापायला लागला की सिनेमा सावकाश चालतो आणि वाद्यं वाजायला लागतात. त्यांना तेच हवं असतं. आमच्या आप्पांची पन्नास वर्षं कुणाला नको होती. शेवटची तीन हवी होती.

आणि इकडे आप्पांचा हात दिवसागणिक सुधारत चालला. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून त्यांनी चहा बंद केला. सकाळी आंघोळ करून, जुन्या वह्यांच्या पाठकोऱ्या पानांवर रेघा ओढायला बसायचे. नुसती रेघ, डोळा नाही. डोळा कागदावर वाया घालवायचा नाही. श्वास घ्यायचा, रेघ, श्वास सोडायचा. पहिल्या आठवड्यात रेघेला केस आल्यासारखे दिसायचे. दुसऱ्या आठवड्यात केस गळले. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी मला हाक मारली. "बाय, ये बघू हिकडं." कागदावर वरच्या पापणीची रेघ होती, बारीक सुरू होऊन मध्ये भरलेली आणि कोपऱ्यात परत बारीक झालेली. तशी रेघ मी तीन वर्षांत बघितली नव्हती.

"कशी हाय?"

"झकास हाय आप्पा."

 कुठल्या मुलीला आपल्या बापाचा हात बरा होताना बघून भीती वाटते? मला वाटत होती. पुण्याच्या बाईंचा फोन यायचा, काका कसे आहेत, मी म्हणायची बरे आहेत, आणि त्या बरे शब्दाला घाबरून फोन लवकर ठेवायची. दोनदा त्यांना खरं सांगायला फोन लावला. एकदा लागला नाही, एकदा लागला आणि मी भलतंच काहीतरी विचारलं. आप्पांना सांगायला चार वेळा तरी पडवीत गेले असेन. ते कागद पुढं करायचे आणि मी कागद बघून परत यायची. झाडलेलं अंगण पुन्हा झाडायची. शेजारीण म्हणाली, काय गं, अंगात काय शिरलंय तुझ्या?

एक गोष्ट तर मी अशी केली की ती लिहितानाही लाज वाटते. शूटिंगला चार दिवस राहिले असताना मी आप्पांना कडक चहा करून दिला. म्हटलं, एका कपानं काय होतंय, थंडी आहे, घ्या. त्यांनी माझ्या मायेपोटी घेतला. मी समोर बसून त्यांच्या हाताकडे बघत राहिले, थरथरतो का म्हणून. हे मी त्यांना आजपर्यंत सांगितलेलं नाही.

शूटिंगचा दिवस उळवीच्या जत्रेच्या आसपासचा होता. जगलबेटच्या पुढं रस्त्यानं बैलगाड्या चाललेल्या, त्यामुळे सिनेमावाल्यांची जीप रखडत गेली. आप्पा पुढं बसले होते, दाढी केलेली, नवा सदरा. गाडीवानांना हात करत होते. मी मागं बसून मनातल्या मनात वाक्य जुळवत होते. गणेशगुडीच्या अलीकडं सांगते, गणेशगुडी आली की सांगते, उतरल्यावर सांगते. उतरल्यावर लोकांनी आम्हाला घेरलं आणि आप्पांना शर्ट बदलायला नेलं.

एका शेतकऱ्याचं कौलारू घर त्यांनी शूटिंगसाठी घेतलं होतं. आतल्या खोलीत चित्रकाराची खोली मांडली होती. मध्ये उभ्या चौकटीवर एका म्हाताऱ्या बाईचा चेहरा, सगळा रंगवलेला, डोळ्यांच्या जागी नुसतं पांढरं. तसाच हुबेहूब दुसरा चेहरा भिंतीला टेकवून ठेवलेला, गरज पडली तर. नट बाजूला खुर्चीवर बसला होता. त्यानं उठून आप्पांना नमस्कार केला. आप्पांच्या अंगात त्याच्यासारखाच ढगळ पांढरा अंगरखा घातला, बाह्या मनगटापर्यंत. कॅमेरा फक्त हातावर राहणार होता. आवाज नंतर घालायचा होता, त्यामुळे बोललं तरी चालेल, असं पुण्याच्या बाईंनी सांगितलं.

"बोलायचं कशाला?" आप्पा म्हणाले. "गप ऱ्हावा सगळी."

आणि खरंच सगळी माणसं गप्प झाली. आप्पांनी ब्रशचं टोक अंगठ्यावर फिरवून बघितलं. श्वास घेतला. डाव्या डोळ्याची वरची रेघ निघाली, थेट, एका दमात, कोपऱ्यात जाऊन मिटली. मग उजवी. मग बुबुळं. दहा-पंधरा मिनिटं गेली असतील. त्यांनी ब्रश खाली ठेवला तेव्हा ती म्हातारी आमच्याकडे बघत होती. मी खोटं सांगत नाही, कॅमेऱ्यामागचा माणूस एक पाऊल बाजूला सरकला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आप्पांनी माझ्याकडे बघितलं आणि भुवई उडवली, पोराटोरांसारखी.

दिग्दर्शक हिंदीत पुण्याच्या बाईंशी बोलले. बाई माझ्याकडे आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "फार सुंदर केलंय ताई, पण हात थरथरला नाही. तुम्ही काकांना सांगितलंय ना?"

"सांगितलंय," मी म्हटलं.

"मग हे डोळे पुसून परत घेऊ या."

‘पुसून’ हा शब्द आप्पांच्या कानावर गेला. "पुसायचं न्हाई," ते म्हणाले. आवाज चढवला नाही, पण चौकटीच्या पुढं उभे राहिले. आमच्यात काढलेला डोळा पुसत नाहीत, हे मी बाईंना समजावलं, बाईंनी दिग्दर्शकांना. ते बिचारे लगेच कबूल झाले. भिंतीला टेकवलेला दुसरा चेहरा चौकटीवर चढवला. आप्पांनी खांद्यावरचा पंचा पहिल्या म्हातारीच्या तोंडावर टाकला आणि परत येऊन उभे राहिले. परत का काढायचं, असं त्यांनी मला डोळ्यांनीच विचारलं. मी मान खाली घातली. अजून वेळ होता. दोन पावलं पुढं जाऊन कानात सांगायला कितीसा वेळ लागतो?

कॅमेरा सुरू झाला. आप्पांनी श्वास घेतला आणि रेघ सुरू केली. रेघ सरळ चालली होती. दिग्दर्शकांनी बाईंना खूण केली, तशा बाई आप्पांच्या मागं गेल्या आणि मऊ आवाजात म्हणाल्या, "काका, थोडा थरथरू द्या हात. आम्हाला तुमचा थरथरताच हवाय. म्हणून तर तुम्हाला बोलावलं. ताईंना सांगितलं होतं मी पहिल्या फोनवरच."

आप्पांनी ब्रश चित्रावरून उचलला नाही. मान वळवली नाही. चेहऱ्याकडेच बघत मला विचारलं, "तुला ठावं हुतं?"

मी म्हटलं, "व्हय."

त्यांचा हात कापायला लागला. गोळ्या, महिन्याची मेहनत, सगळं बाजूला सारून कापायला लागला, कप बशीवर वाजायचा त्याहून जास्त. रेघ वाकडी झाली, वर गेली, खाली आली. खोलीत कुणी श्वास घेत नव्हतं, सिनेमावाले आनंदानं आणि मी भीतीनं. मला वाटलं आता ते ब्रश टाकून निघून जातील, त्या सिनेमांतल्या चित्रकारांसारखे काहीतरी फोडतील. त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं, रेघ कोपऱ्यापर्यंत नेली आणि डोळा पुरा केला. वाकडा डोळा. मग थोडं मागं होऊन त्याच्याकडे बघितलं, आणि दुसरा डोळा त्या वाकड्याला जुळेल असा काढला. हात कापतच होता. पण काम संपलं तेव्हा त्या म्हातारीचा चेहरा बिघडलेला नव्हता. नुकतंच काहीतरी वाईट ऐकलेल्या बाईसारखी ती दिसत होती.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दिग्दर्शक येऊन आप्पांच्या पाया पडले. नटानं त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. आप्पांनी फक्त आणखी एक फडकं मागितलं आणि दुसऱ्या चेहऱ्यावर टाकलं.

परतीच्या जीपची वाट बघत आम्ही रस्त्याकडेला दगडावर बसलो होतो. त्यांनी दिलेला चहा आप्पांच्या हातात तसाच निवत होता. मी म्हटलं, "आप्पा, तुमाला वाईट वाटंल म्हणून न्हाई सांगितलं."

 ते बोलले ते रस्त्याकडे बघत.

"पन्नास वर्सं गिऱ्हाइकाचं ऐकत आलो. कुनाला सोंड उजवीकडं पायजे, कुनाला उंदीर मोठा पायजे, एकाला तर गनपतीच्या डोक्यावर त्येच्या आज्ज्यासारखं पागोटं पायजे हुतं. केलं का न्हाई मी? हेस्नी कापता हात पायजे हुता. तू सांगितलं असतंस, तर गोळी घेतली नसती, चार कप चा प्यालो असतो आनि दिला असता कापवून. काम हाय ते. त्यात मला कसलं वाईट वाटतंय?"

"चुकलं माझं."

"गिऱ्हाईक काय मागतंय ते कारागिराला सांगायचं असतंय. एवढं तुला शिकवलं न्हाई व्हय मी?" त्यांनी चहा जमिनीवर ओतला. "आनि लाज मला न्हाई वाटली बाय माझ्या हाताची. तुला वाटली."

 ते खरं होतं. तीन वर्षं मी पाहुण्यांसमोर त्यांचा कप अर्धाच भरत होते, सांडू नये म्हणून.

त्या वर्षीच्या चतुर्थीला आप्पा बसस्टँडवर गेले नाहीत. गोळ्या चालू होत्या. फळीवरच्या लहान मूर्तींची आखणी त्यांनी केली, मोठ्यांची मी. मधूनच, गिऱ्हाईक दारात उभं असलं की ते मोठ्यानं विचारायचे, "हेंनी काय सांगितलंय गं? नीट सांग हं, काय सांगितलंय तेवढंच सांग." गिऱ्हाईक हसायचं. मीही हसायची. त्यांना मी कधी थांबवलं नाही.

सिनेमा पुढच्या थंडीत मोबाईलवर, टीव्हीवर आला. आमच्या गल्लीतल्या सगळ्यांनी बघितला. आमच्याच घरी जमून बघितला. आप्पा त्या दिवशी माती बघायला म्हणून बाहेर गेले ते सगळे पांगल्यावर आले. बायका मला सांगत होत्या, त्या हाताच्या वेळी रडूच आलं बघ, काय ते म्हातारपण, काय ते दुःख. एका पेपरात कुणीतरी लिहिलं होतं की त्या थरथरत्या हातात चित्रकाराचं सगळं आयुष्य उतरलंय. मी ते कात्रण आप्पांना वाचून दाखवलं नाही. मग मला वाटलं, परत तेच करतेय मी, आणि वाचून दाखवलं. ते "बरं" म्हणाले.

आठवड्याभरानं एका दुपारी ते स्वतःहून टीव्हीसमोर येऊन बसले.

"लाव बघू. हाताचं तेवढंच लाव."

मी शोधून लावलं. पडद्यावर म्हातारीचा अर्धा चेहरा आला, पांढरी बाही आली, हात आला. रेघ सुरू झाली. सरळ, भरीव, आप्पांची रेघ. आप्पा पुढं वाकले. रेघ डोळ्याच्या मध्यावर आली आणि थबकली, हात कापायला लागला, आणि तिथंच सारंगी सुरू झाली.

"थांबीव," आप्पा म्हणाले. "मागं घे जरा."

मी मागं घेतलं. हात पुन्हा आला, रेघ पुन्हा सुरू झाली. त्यांनी मला थांबवायला सांगितलं आणि मी थांबवलं. ते उठून टीव्हीजवळ गेले, वाकले, आणि रेघ जिथं पहिल्यांदा हलते तिथं काचेवर बोट ठेवलं. बोट हलत नव्हतं.

"हितं तू व्हय म्हनालीस," ते म्हणाले.